खांबाजवळची चौकट

ती चौकट राहू दे. पुसू नकोस.

हो, मला माहितीये तिथे कोणी नाही. खांबाचा पायथा आहे, ओला कठडा आहे आणि मागे सगळं धुकं. मशीनने रिकाम्या जागेभोवती माणसाची चौकट काढलीये आणि तू पहिल्याच दिवशी त्याची चूक पकडलीस. शाबास. माझ्या जागेवर बसणार आहेस तर डोळे तेवढे तिखट हवेतच. कुत्र्याभोवती चौकट आली असेल तर पुसायची, माणूस सुटला असेल तर त्याच्याभोवती ओढायची, दोघं चिकटून उभे असतील तर दोन वेगळ्या ओढायच्या. आपण चुका दाखवत जातो आणि मशीन त्यातून शिकत जातं. एवढंच काम आहे. फक्त खांबाजवळची ती एक सोडून दे.

का म्हणून विचारशीलच. विचारलं नसतंस तर मलाच तुझी काळजी वाटली असती. बरं, तो टेबलावरचा दिवा लाव. दुपार आहे म्हणून काय झालं, या धुक्यात खिडकी असून नसल्यासारखी आहे. आणि दाराला कडी घाल, वारा आत येतोय. भरती चढतेय, ती उतरेपर्यंत तसंही आपल्याला स्क्रीनसमोरून हलता येत नाही. फक्त हळू बोलायचं. आतल्या खोलीत दादा चहा घेत बसलाय, आणि हे त्याच्या कानावर जायला नको.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. सकाळी जिन्यात तुला भेटला तो, पिवळा रेनकोट घातलेला. कॅमेऱ्याची काच तोच पुसतो. लाटांचं पाणी उडून काचेवर मिठाचा थर बसतो, मग मशीनला सगळंच धुकं दिसायला लागतं. म्हणून दर आठवड्याला तो शिडी खांद्यावर टाकून बंधाऱ्यावर जातो, खांबाला शिडी लावतो, वर चढून काच पुसतो आणि येतो. कॅमेरा आडव्या दांड्यावर आहे, त्यामुळे खांबाचा पायथाही दिसतो आणि तिथून आपल्या फाटकापर्यंतचा सगळा बंधाराही. आज मी त्याला जाऊ दिलं नाही. ती बघ शिडी, कपाटाला टेकवून ठेवलीये.

मी इथे लागले तेव्हा आपलं काम बरोबर उलटं होतं. आता माणसाला चौकट घालायची, तेव्हा माणूस पुसायचा.

झालं असं, की त्या वेळी मॅडमनी नवीन प्रोग्राम आणला होता. मॅडम म्हणजे आमच्या तेव्हाच्या प्रमुख. बाई हुशार, आणि हुशारीचा तोरा अजिबात नाही. त्यांनी मला समजावलं होतं ते तसंच तुला सांगते. मशीनला जुने फोटो दाखवायचे. त्या दिवशी वारा असा होता, भरती एवढी होती, लाटा अशा होत्या, आणि बघ, पाणी इथवर आलं. असं हजारो वेळा दाखवलं की मशीनला त्यातलं मर्म सापडतं. मग उद्याचा वारा आणि उद्याची भरती सांगितली की उद्या पाणी कुठवर चढेल ते सांगतं. आणि तेही नुसत्या आकड्यांत नाही, चक्क चित्र काढून. उद्या भरतीला हा कॅमेरा जे बघेल त्याचं चित्र. कोपऱ्यात रंग यायचा. हिरवा म्हणजे खुशाल फिरा, पिवळा म्हणजे जपून, आणि लाल आला की भोंगा वाजवून बंधारा रिकामा करायचा. आम्ही त्याला 'उद्याचं चित्र' म्हणायचो.

फक्त माणसांची अडचण व्हायची. गडद कपड्यातला माणूस आणि ओला दगड यात मशीनची गल्लत व्हायची, आणि कोणी बसलेला दिसला की पाणी तिथवर आलंय असं त्याला वाटायचं. म्हणून शिकवायच्या फोटोंमधून माणसं काढून टाकायची. कुंचला फिरवायचा, त्यांच्या जागी मागचा दगड रंगवायचा, पुढचा फोटो. दिवसभर मी माणसं पुसत बसायचे. घरी गेले की वहिनी विचारायची, आज किती मारलीत? दादा म्हणायचा, ठके, जरा सांभाळून, एखाद्या दिवशी मलाही पुसशील.

ठकी हे माझं घरातलं नाव. लहानपणी मी बुटकी आणि गोल होते, म्हणून त्यानेच ठेवलेलं. आईवडील गेल्यावर मला त्या नावाने हाक मारणारा तेवढा एकच उरला. आणि त्याचा वात्रटपणा सांगू? काच पुसून झाली की कॅमेऱ्यात बघून मला वेडावून दाखवायचा. दर आठवड्याला. जीभ बाहेर, डोळे तिरळे, पन्नाशीचा माणूस. मी इथे स्क्रीनसमोर, आजूबाजूला मोठमोठी माणसं, आणि माझं हसू आवरत नसे.

तर, माणसं आम्ही पुसली, पण त्यांच्या सावल्या तशाच राहिल्या. ती चूक फक्त आमच्याच धंद्यात होऊ शकते बघ. माणूस पुसताना नजर माणसावर असते, त्याच्या पायाशी दगडावर लांब पडलेल्या सावलीकडे कोण बघतंय? सगळ्यांनीच तसं केलं. ढीगभर फोटो गेले, आणि मशीनने काय बघितलं, तर रिकामा बंधारा आणि त्यावर अधूनमधून कोणाच्याच नसलेल्या सावल्या.

पुढे एकदा उद्याच्या चित्रात सावली आली तेव्हा आम्ही चिक्कार हसलो. कठड्यापाशी एक लांब सावली, हातात गळाची काठी. माणूस नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, ताई, हा तुमचा प्रताप. रंग हिरवा होता. दुसऱ्या दिवशी भरतीला समुद्र शांत होता, आणि त्या शांत समुद्रातून एकच लाट उठली आणि गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन गेली. जिथे सावली होती तिथूनच.

योगायोग, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. तोवर हसू मात्र आटलं होतं.

दुसऱ्या वेळी सावलीच्या डोक्यावर उघडी छत्री होती. या वेळी मॅडमनी आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही. त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला, भोंग्याची परवानगी मागितली. पलीकडून विचारलं, रंग कोणता? हिरवा. मग भोंगा कशासाठी, सावली दिसते म्हणून? फोन ठेवताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग आम्ही दोघीच बंधाऱ्यावर गेलो आणि छत्री दिसली की माणूस मागे पिटाळायला लागलो. लोक म्हणाले, बायकांना खूळ लागलंय. भरती उतरेपर्यंत घसा फुटेस्तोवर ओरडलो, बंधारा पार रिकामा केला, आणि परत फिरताना खाली पाण्यावर एक उघडी छत्री हेलकावे खात होती. कुठून आली, कोणाची होती, ते आम्हाला दिसलंच नव्हतं. शाळेतल्या एक बाई होत्या, असं संध्याकाळी कळलं.

त्या रात्री मी जेवले नाही. वहिनीने विचारलं तर सांगितलं, पित्त झालंय.

काय म्हणालीस? सरकली? चौकट सरकली? छे गं, वाऱ्याने कॅमेरा हलतो. खांबाजवळच आहे बघ ती. जरा अलीकडे वाटतेय, तेवढंच.

मॅडमनी मग प्रोग्राम आतून-बाहेरून उघडून बघितला. बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं. एका दुपारी मला शेजारी बसवून म्हणाल्या, "ताई, सावली का काढतं ते मला कळतं. तुम्ही ठेवल्यात म्हणून. पण कधी आणि कुठे काढायची, हे त्याला कोण सांगतं… ते नाही कळत." इतक्या शिकलेल्या बाईने असं म्हटलं की पायाखालची जमीन सरकते. नवीन फोटो गोळा करून, सावल्या पुसून त्याला पहिल्यापासून शिकवायचं ठरलं. पण ते काय एका दिवसाचं काम आहे?

आणि मग एका सकाळी उद्याचं चित्र उघडलं, तर बंधाऱ्यावर एक सावली चाललेली. तिच्या खांद्यावर शिडी.

काय सांगू तुला. त्या बंधाऱ्यावर शिडी घेऊन जाणारा या जगात एकच माणूस आहे. चित्रात आभाळ भरलेलं होतं, धुकं होतं, सावली पडायला ऊनच नव्हतं. आणि ती मात्र पडली होती. ठसठशीत, पायऱ्या मोजून घ्याव्यात अशी. कोपऱ्यात रंग हिरवा.

मी तडक घरी गेले. दादा ऐकून आधी हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. मी म्हटलं, उद्या तू बंधाऱ्यावर पाय ठेवायचा नाहीस. तो म्हणाला, बरं, नाही जात, त्यात काय एवढं. माझं समाधान होईना. घरी राहिला तर कोणीतरी बोलावेल, नाहीतर त्याचं त्यालाच काही सुचेल. शेवटी मी सांगितलं, तू उद्या दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर बसायचंस, शिडीसकट. वहिनीनेही दम भरला. दादा कुरकुरला, म्हणाला, मला काय कैदी समजता का दोघी? पण आला. माझ्यासाठी तो नेहमीच यायचा.

इथेच बसला होता, तू बसलीयेस त्या खुर्चीवर. मॅडम तिथे खिडकीशी. त्याचा रेनकोट त्या खुंटीवर लटकवला होता. शिडी मी शेजारच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. दाराला कडी. बाहेर आजच्यासारखंच धुकं, आणि आजच्यासारखीच भरती चढत होती. दादा कंटाळून चहा ढवळत होता, टिंग टिंग टिंग. चहा ढवळायची त्याची जुनी खोड, साखर विरघळली तरी चमचा थांबत नाही. मी ओरडले की आणखी जोरात. त्या दिवशी मी ओरडले नाही. तो आवाज म्हणजे तो इथे आहे, एवढं मला पुरे होतं.

काचेवर मीठ साचलं होतं. स्क्रीनवर सगळं पिठूळ. तरी बंधारा रिकामा आहे एवढं कळत होतं. समुद्राचा वास आत यायला लागला होता. रोजचा वास नाही, खालून काहीतरी ढवळून निघावं तसा, कुजका, गार.

मग फाटकाच्या बाजूने पिवळं काहीतरी बंधाऱ्यावर आलं.

मी आधी खुंटीकडे बघितलं. रेनकोट होता तिथेच. मग दादाकडे. तोही होता तिथेच. आणि स्क्रीनवर दादा चालत होता. ती चाल मी ओळखणार नाही का? उजवा खांदा शिडीखाली जरासा खचलेला, डावा हात मोकळा झुलतोय. चमचा थांबला होता.

तो खांबापाशी आला. शिडी लावली. चढायला लागला, वरवर येत गेला, पिवळा रंग सगळ्या स्क्रीनभर झाला. मग एक हात आला, हातात फडकं. त्या हाताने काच पुसली. एकदा, दोनदा, नेहमीसारखी गोल गोल. आणि चित्र लख्ख झालं.

दादाचा चेहरा. एवढ्या जवळ की दाढीचे पांढरे खुंट दिसावेत. मी वाट बघत राहिले गं… वेड्यासारखी वाट बघत राहिले की आता जीभ काढेल, आता डोळे तिरळे करेल. त्याने काहीच केलं नाही. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या शेजारी बघत होता. खुर्चीतल्या दादाकडे.

मागे पाणी उठलं. आवाज नसतो या कॅमेऱ्याला. नुसतं पांढरं झालं सगळं, आणि पाणी ओसरलं तेव्हा बंधारा रिकामा होता. कोपऱ्यात हिरवा.

दादा माझ्या शेजारून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "गेलो गं मी…"

मी त्याचा हात धरला. गार पडला होता. पण होता. माझ्या हातात होता! मी रडत होते, हसत होते, देवाचे आभार मानत होते. टळलं, म्हटलं. काय होतं ते माहीत नाही, पण त्याच्यावर येणारं दुसऱ्या कशावर तरी गेलं. मॅडम मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या.

नंतर शोध घेतला. कोणी हरवलं नव्हतं, कोणाच्या घरून फोन आला नाही, काही वाहून आलं नाही. पण कॅमेऱ्याची काच स्वच्छ होती, फडक्याच्या गोल खुणांसकट. आणि शेजारच्या खोलीचं कुलूप काढलं तर शिडी जागच्या जागी उभी होती. तिच्या खालच्या पायऱ्यांतून पाणी ठिबकत होतं.

आता तू म्हणशील, भाऊ वाचला ना, मग झालं तर. मीही तेच म्हणत होते. कितीतरी दिवस.

हे बघ, त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पूर्वी चिडका होता, आता आवाज चढवत नाही. घरात मदत करतो. वेळेवर येतो, वेळेवर जातो. वहिनी एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "माणूस चांगलाच झालाय हो. पण माझा नाही वाटत." मी तिच्यावर डाफरले. तेव्हा तिने हात पुसले आणि मला त्याची उशी दाखवली. रोज सकाळी ओली असते, म्हणाली, आणि वाळली की अशी होते. उशीवर मिठाची पांढरी खपली होती. कॅमेऱ्याच्या काचेवर बसते तशी.

आणि त्याने मला वेडावून दाखवलेलं नाही. काच पुसतो, खाली उतरतो. आणि ठके म्हणून हाक मारलेली नाही. तुम्ही सगळे म्हणता तसं तोही ताई म्हणतो. मी थोरली की तो? मोठा भाऊ धाकट्या बहिणीला ताई म्हणतो, आणि मी ओ देते. एकदा मीच मुद्दाम विषय काढला, की मी लहानपणी कशी होते रे, मला काय म्हणायचास? तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. परीक्षेत उत्तर न आलेल्या मुलासारखा. मला त्याची इतकी दया आली की मीच म्हटलं, जाऊ दे, मलाही आठवत नाही.

काय? मधल्या पायऱ्यांपाशी? अगं, ती बंधाऱ्याच्या अर्ध्यावर आली म्हणजे… नाही. आजवर ती खांब सोडून कधी हललेली नाही. कोणीतरी खरंच चालत असेल. धुक्यात दिसत नसेल तुला. नीट बघ.

ऐक, संपवते मी.

मॅडमनी उद्याचं चित्र बंद करून टाकलं. त्याऐवजी हा चौकटींचा प्रोग्राम आणला. बंधाऱ्यावर माणूस आहे की नाही हे मशीनने आत्ताच्या आत्ता बघायचं, आणि पाणी वाढत असेल तर लगेच भोंगा द्यायचा. रंगाची वाट बघायची नाही. याने खरंच जीव वाचलेत, तेही सांगायला हवं. मी पुन्हा पहिल्यापासून फोटो घेऊन बसले. आधी ज्यांना पुसलं त्यांनाच शोधून चौकटी घातल्या. वाटलं, फेड होतेय.

चाचणीच्या दिवशी आम्ही ऑफिसातली सगळी बंधाऱ्यावरून एकेक करून चालून आलो. प्रत्येकाभोवती चौकट. मग दादा गेला. चौकट नाही. मॅडमना वाटलं, पिवळा रंग असेल. कोट काढायला लावला. नाही. टोपी काढली, हात हलवले, उड्या मारल्या. मशीनला तिथे नुसता दगड दिसत होता. मॅडमनी दादाचे वाटेल तितके फोटो काढले, मी प्रत्येकात माझ्या हाताने चौकट घातली, मशीनला दाखवलं. तरी नाही. तो फोनवर विचारत होता, "दिसतोय का, ताई? आता दिसतोय का?" उन्हात उभा होता बिचारा, हात वर करून.

मी म्हटलं, "दिसतोयस."

मग तो बंधाऱ्यावरून परत फिरला, फाटकातून आत आला, आणि बंधारा रिकामा झाला. तेव्हा खांबाच्या पायथ्याशी, रिकाम्या जागेभोवती, मशीनने ती चौकट काढली. माणसाएवढी. तेव्हापासून ती तिथेच आहे. ऊन असो, पाऊस असो, भरती असो. मॅडमनी त्या आठवड्यातच बदली मागून घेतली. जाताना फक्त एवढं म्हणाल्या, की ताई, ती पुसू नका. पुसलं की काय होतं ते आपण बघितलंय.

मी रोज तिच्याकडे बघते. इतकी वर्षं. तिथे उभा राहून तो वाट बघत असेल का, त्याला गार लागत असेल का, असलं काहीबाही मनात येतं. आणि आत जो चहा पितोय, त्याचं तरी काय चुकलं? त्याला घरी जायचं असतं, वहिनीला भाजी निवडून द्यायची असते. दोघांपैकी एकाला तरी मी वाचवलं, असं मला कोणीतरी सांगावं. कोणीच सांगत नाही.

…काय म्हणालीस? दिसत नाही?

खांबाजवळ नाही. पायऱ्यांपाशी नाही. फाटकापाशी बघ. तिथेही नाही? फाटकाच्या आत कॅमेरा बघत नाही. फाटकाच्या आत आपणच आहोत.

थांब. बोलू नकोस.

जिना… ऐकतेयस? कोणीतरी चढतंय. सावकाश. आणि वळणावर काहीतरी भिंतीला घासलं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. जिना अरुंद आहे, शिडी लांब आहे, वळताना तिचं टोक दर वेळी भिंतीचा रंग खरवडतं. पण शिडी तर इथे आहे. कपाटाला टेकून. तिला हात लाव बरं. नको… नको लावूस. खाली फरशीवर पाणी आलंय, दिसलं मला.

आत चमच्याचा आवाज थांबलाय.

"ठके…"

अगं आई गं. ऐकलंस तू? नक्की ऐकलंस ना?

"ठके, दार उघड. गारठलोय गं."

माझा दादा आहे तो. माझा दादा आहे, दुसरं कोणी मला असं म्हणत नाही… सोड, माझा हात सोड. आणि मागे बघ. आतल्या खोलीच्या दारात तोही येऊन उभा राहिलाय ना? मला वळवत नाहीये. काय म्हणतोय तो? परत म्हणायला सांग त्याला. चेहरा तोच, आवाज तोच, आणि मला, धाकट्या बहिणीला, म्हणतोय…

"ताई, उघडू नका."

माझा हात कडीवर आहे. ती काढतेय की धरून ठेवलीये, माझं मलाच कळत नाहीये.